एक्केचाळीस रात्रींचा तक्ता

मुलीच्या कॉलेजातून मेसेज आला तेव्हा मी तुर्भ्याला कंपनीत होतो. आपल्या पाल्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये आहे, पालकांनी गुरुवारी दुपारी दोन वाजता येऊन भेटावं, असा तो मेसेज. डिफॉल्टर लिस्ट म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी. ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागते आणि ज्यांची नावं शेवटपर्यंत तिच्यात राहतात त्यांना परीक्षेला बसता येत नाही. सहा महिने वाया जातात.

मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मेसेजखाली आकडे होते. मी लगेच कागद घेतला. झालेली प्रॅक्टिकल्स सदतीस, हजर पंचवीस. म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. टर्ममध्ये एकूण अठ्ठेचाळीस व्हायची होती आणि पंच्याहत्तर टक्के लागतात, म्हणजे छत्तीस. उरलेली होती अकरा. पंचवीस अधिक अकरा, छत्तीस. मी तीनदा बेरीज केली. एकही सुटून चालणार नव्हतं. आणि प्रॅक्टिकल सकाळी साडेआठला, आमच्या सानपाड्याच्या घरातून सव्वासातला निघालं तरच गाठता येणारं.

बुडालेली बारा का बुडाली, हे मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. ती सकाळी उठत नव्हती, कारण रात्री झोपत नव्हती. झोपत नव्हती, कारण हातात मोबाईल होता. याचा माझ्याकडे पुरावा होता.

माझं काम कंपनीतल्या बॉयलर आणि कॉम्प्रेसरचं. गेली चोवीस वर्षं दर तासाला रीडिंग घेऊन तक्त्यात भरायचं, सही करायची. आकडा बिघडला तर आधी तक्ता काढायचा, मग बोलायचं. घरातही मी तसाच आहे. पाण्याची टाकी किती दिवसांनी धुतली, गॅस किती दिवस पुरला, सगळं लिहिलेलं असतं. बायको हसते, पण तारीख लागली की मलाच विचारते. तर मुलीचं सकाळचं उठणं बिघडायला लागलं तेव्हा मी तक्ता सुरू केला. पाच रकाने: तारीख, लास्ट सीन, उठण्याची वेळ, फरक, शेरा.

लास्ट सीन म्हणजे मोबाईलवर तिच्या नावाखाली दिसणारी वेळ, ती शेवटची कधी मोबाईलवर होती ते सांगणारी. मी साडेपाचला उठायचो आणि ती उठायच्या आत ती वेळ टिपून घ्यायचो. पण एका रीडिंगवर विश्वास ठेवायची सवय नाही. या वयात रात्री दोन-तीनदा जाग येतेच. तेव्हाही उशाचा मोबाईल उचलायचो, तिचं नाव काढायचो. बहुतेक वेळा 'ऑनलाइन' असं दिसायचं. पुन्हा पाच मिनिटांनी बघायचो. अजून ऑनलाइन. मी पाहिल्याची वेळ पेन्सिलीनं बारीक अक्षरात कडेला लिहायचो. रीडिंग कधी घेतलं हे लिहिलं नाही तर त्या रीडिंगला अर्थ नाही, असं आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

तिच्या आणि आमच्या खोलीमधली भिंत चार इंचांची. उठून दार ढकललं असतं तर काम झालं असतं, हे आता कळतं. पण वीस वर्षांची मुलगी, तिच्या खोलीत रात्री कसं जायचं? आणि खरं सांगायचं तर आकडा मिळत होता, त्यामुळे जायची गरजही वाटत नव्हती.

बायकोनं एकदा पाहिलं. "अहो, काय चाललंय हे? बॉयलर आहे का ती?"

"पुरावा लागेल," मी म्हटलं.

"कुणाला दाखवायला?"

मी कागद घडी करून ठेवला. कंपनीतही माझी अवस्था लपत नव्हती. आमचा जुना ऑपरेटर खाडीकाठच्या गावातला, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. दुपारी कंट्रोल रूममध्ये त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, झोप पोरीची उडली हाय ना? मंग जांभया तुमी का देताव?" सगळे हसले. मीही हसलो आणि पुढचं रीडिंग घ्यायला गेलो.

गुरुवारी अर्धी रजा टाकून कॉलेजला गेलो. तक्ता बॅगेत होता. एक्केचाळीस रात्री, मी स्वतः आखलेला, चार पानं. खाली सरासरी काढलेली: झोपण्याची वेळ दोन बावीस, उठायला हवं सहा वीसला, म्हणजे झोप चार तासांना दोन मिनिटं कमी.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान होत्या. समोर मुलगी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मॅडमनी हजेरीचे आकडे सांगितले, ते मला पाठ होते. मग त्यांनी विचारलं, "घरी काही अडचण आहे का?"

मी बॅगेतून पानं काढली आणि टेबलावर ठेवली. "अडचण ही आहे."

मुलीनं वाकून पाहिलं. तिनं तो तक्ता पहिल्यांदाच पाहिला. तिचे कान लाल झालेले मला दिसले, पण मी बोलत राहिलो. सरासरी सांगितली. सर्वात उशिराची रात्र सांगितली, तीन अठ्ठेचाळीस. मला वाटत होतं, मी फार चोख काम केलंय.

मॅडमनी पानं उलटली. पेन्सिलीच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"मी पाहिलं ती वेळ."

"एक दहा. दोन चाळीस. तीन पाच." त्यांनी वर पाहिलं. "सर, मग तुम्ही कधी झोपता?"

त्यांनी पानं सरळ करून परत दिली आणि मुलीला म्हणाल्या, "अकराच्या अकरा. एक जरी गेलं तर माझ्या हातात काही नाही. समजलं?"

"हो मॅडम."

बाहेर बस स्टॉपवर ऊन होतं. पंधरा मिनिटं बस आली नाही. ती माझ्यापासून चार हात लांब उभी होती. मग जवळ आली.

"पप्पा, तुम्ही माझं लास्ट सीन लिहीत होता?"

"हो."

"रोज?"

"एक्केचाळीस दिवस."

"एक्सेलमध्ये तरी करायचं. ग्राफ निघाला असता."

ग्राफ काढलेला होता, घरी.

"मॅडमच्या टेबलावर टाकायच्या आधी मला दाखवायचं ना. उद्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळेल, हिचा बाप रात्रभर हिचा पहारा करतो."

"मग झोपायचं वेळेवर. मला काय हौस आहे?"

"तुम्ही ऑनलाइन दिसायचात म्हणून मी झोपत नव्हते!"

ती एवढ्या जोरात बोलली की बाकावर बसलेल्या बाई वळून बघायला लागल्या. मला काही कळलं नाही. तिनं आवाज खाली आणला.

"दोन-अडीचला तुम्ही ऑनलाइन. पाच मिनिटांनी परत ऑनलाइन. मला वाटायचं, तुम्हाला परत होतंय."

"काय होतंय?"

"छातीत."

इथे मागचं सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात एका रात्री माझ्या छातीत दुखायला लागलं होतं. मुलीचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, पहिल्या वर्षाचा शेवटचा. बायकोनं तिला उठवायला हात पुढे केला तर मीच म्हटलं, नको, पेपर आहे. ती कानात इअरफोन घालून झोपली होती. आम्ही आवाज न करता बाहेरून दार ओढून घेतलं, रिक्षा केली, हॉस्पिटल गाठलं. पहाटे स्टेंट बसला. डायनिंग टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: पप्पांना थोडं बरं नाही, पेपर देऊन ये, काळजी करू नकोस. तिनं पेपर दिला आणि त्यात तिला वर्गात सर्वात जास्त मार्क पडले. ही गोष्ट मी पुढे वर्षभर नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कंपनीत, सगळ्यांना सांगितली. तिच्यासमोरही. बघा, कशी शिस्तीची मुलगी आहे.

"सहाला उठले," ती बस स्टॉपवर सांगत होती, "तर घरात कुणीच नाही. तुमचा पलंग तसाच. चादर अर्धी खाली. मम्मीच्या चपला नाहीत. चिठ्ठी नंतर दिसली. आधी दहा मिनिटं मला चिठ्ठी दिसलीच नव्हती, पप्पा."

"पण पेपर तर चांगला गेला ना," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच आलं.

"गेला. तेव्हापासून इअरफोन घालून झोपत नाही मी. झोप आली तरी वाटतं, आपण झोपलो आणि हे निघून गेले तर?" मग ती एकदम चिडली. "आणि सगळं तुमच्यामुळे नाही हां. रील्स पण बघते मी. उगाच ड्रामा नको."

बस आली. आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. नेरुळपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं, मग राहवेना. बॅगेतून पानं काढली. पेन्सिलीच्या वेळा आणि तिच्या लास्ट सीनच्या वेळा एकमेकांसमोर लावत गेलो. मी दोन चाळीसला पाहिलं, ती दोन सेहेचाळीसला ऑफलाइन गेली. मी एक दहाला, ती एक एकोणीसला. मी तीन पाचला, ती तीन बाराला. घरी येईपर्यंत हिशेब झाला. एक्केचाळीसपैकी सत्तावीस रात्री ती माझ्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत ऑफलाइन गेली होती. चौदा रात्रींचा माझ्याशी काही संबंध नव्हता, त्या तिच्या रील्सच्या.

आमच्याकडे पावडर सुकवायची भट्टी आहे. तिचं दार उघडून कुणी थर्मामीटर बघायला लागलं की मी ओरडतो, दार उघडलं की उष्णता जाते, बाहेरच्या काट्यावर बघा. एवढं कळणारा माणूस मी. आणि कुठलाही बिघाड झाला की आमचा पहिला प्रश्न असतो, कधीपासून? तो प्रश्न मी मुलीला एकदाही विचारला नव्हता. तक्ता काढला होता, पण पहिल्या रात्रीच्या आधी काय झालं होतं ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

रात्री जेवताना मी बायकोलाही सगळं सांगितलं, सत्तावीस आणि चौदासकट. तिनं पोळी तव्यावरच ठेवली. "त्या रात्री मी तिला उठवत होते," ती मला म्हणाली. "तुम्ही हात धरलात माझा."

मुलीनं ताटावरून मान वर न करता अटी घातल्या. मी तिचं लास्ट सीन बघायचं नाही. सकाळी तिला उठवायला कुणी जायचं नाही, ती अलार्म लावेल. "आणि पुढच्या वेळी काही झालं, कुणालाही, तर मला उठवायचं. पेपर असो, प्रॅक्टिकल असो, काही असो. आधी मला उठवायचं."

"हो," मी म्हटलं.

"हो नाही. शब्द द्या."

दिला.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. रात्री जाग यायची, हात उशाकडे जायचा, मी तो मागे घ्यायचो. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून पाहिला, तर मोबाईल बाहेर आहे या विचारानंच जाग यायची. पलीकडे ती जागी आहे की झोपलेली, काही कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं आकडे लिहिणाऱ्या माणसाला रकाना कोरा ठेवणं जमत नाही. कूस बदलायचो. बायको म्हणायची, "गुपचूप पडा, नाहीतर सोफ्यावर जा."

सकाळी सहा वीसला तिचा अलार्म वाजायचा. कधी एकदा, कधी तीनदा. तिसऱ्यांदा वाजला की मी स्वयंपाकघरात उभा राहून चहाचा कप धुवायचो, धुतलेला परत धुवायचो. सात सोळाला ती पळत सुटली त्या दिवशी मी जिन्यापर्यंत गेलो होतो. पण गेली. एक झालं, चार झाली, सात झाली. मी कॅलेंडरवर खुणा करत नव्हतो, तोंडानं मोजत होतो. दहा झाली.

अकरावं शुक्रवारी होतं. गुरुवारी रात्री एक चाळीसला मला जाग आली ती छातीतल्या जळजळीनं.

मी उठून बसलो. डावा हात हलवून पाहिला. घाम नव्हता. संध्याकाळी मिसळ खाल्ली होती. शंभरात नव्वद वेळा ही ऍसिडिटी असते, असं मी स्वतःशी म्हटलं आणि हा आकडा मी कुठून आणला ते मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी स्टेंटनंतर बजावलं होतं की असं काही वाटलं तर अंदाज करत बसू नका, या आणि ईसीजी काढा. बायको जागी झाली. दिवा न लावताच तिनं गाऊनवर ओढणी घेतली. आणि म्हणाली, "तिचं उद्या शेवटचं आहे."

"माहीत आहे."

मी मुलीच्या खोलीचं दार ढकललं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. मोबाईल टेबलावर चार्जिंगला होता, स्क्रीन काळी. ती पालथी झोपली होती, एक हात पलंगाखाली लोंबत होता, तोंड थोडं उघडं. लहानपणी झोपायची तशी. किती दिवसांनी अशी झोपलेली पाहत होतो. उठवली तर आज रात्री दोन तासांपेक्षा जास्त झोप मिळणार नाही, सकाळी डोळा उघडणार नाही, छत्तीसाचे पस्तीस होणार, टर्म जाणार. न उठवता गेलो आणि ऍसिडिटीच निघाली, तर पहाटे परत येऊ, तिला कळणारही नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ऐकू येत होता. दीड मिनिट मी तसा उभा होतो.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "उठ. छातीत जळजळतंय. बहुधा ऍसिडिटी आहे, पण हॉस्पिटलला जातोय."

ती ताडकन उठून बसली. माझ्याकडे पाहिलं, डोळे पूर्ण उघडले नव्हते. "चालता येतंय का?"

"येतंय."

"फाइल घेते." माझी जुनी केसपेपरची फाइल कुठे आहे हे मला आठवायच्या आत ती कपाटातून बाहेर आली होती.

ईसीजी नीट आला. रक्ताच्या तपासणीसाठी थांबवून ठेवलं, तीही नीट आली. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "रात्री काय खाल्लं होतं?" मुलीनंच उत्तर दिलं, "मिसळ. दोन प्लेट." बायकोला ते माहीत नव्हतं. रिक्षात परत येताना मला त्यावरून बोलणी बसत होती आणि मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये मान टाकून झोपली होती. घरी पोचलो तेव्हा चार वीस झाले होते. ती सँडल काढून तशीच पलंगावर पडली.

मी आणि बायको आडवे झालो नाही. सहा वीसला अलार्म वाजला. आपोआप थांबला. पाच मिनिटांनी परत वाजला, परत थांबला. आम्ही दोघं तिच्या दाराबाहेर उभे.

"झोपू दे हो," बायको कुजबुजली. "जीव आहे की नाही तिला? हॉस्पिटलचा कागद दाखवू मॅडमना."

मॅडम म्हणाल्या होत्या की एक जरी गेलं तर त्यांच्या हातात काही नाही. कागद चालेल की नाही, मला माहीत नव्हतं. उठवायचं नाही अशी अट होती. झोपू द्यावं असं मलाही वाटत होतं. पण तिच्या भल्यासाठी तिला न विचारता झोपू द्यायचं, हे आम्ही एकदा केलं होतं.

मी आत गेलो. "सहा पंचवीस झालेत. चार वीसला झोपलीस, म्हणजे दोन तास. जायचं की नाही, तू ठरव. मी काही सांगत नाही."

तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाली, "पप्पा, बाहेर जा. मला आवरू दे."

ती सात अकराला निघाली. हातात पोळीची गुंडाळी होती. आठ चौतीसला तिचा मेसेज आला: घेतलं आत. चार मिनिटं उशीर मॅडमनी चालवून घेतला असावा. दुपारी अडीचला परत आली, जेवायला बसली आणि घास तोंडात असतानाच हसायला लागली. "तोंडी परीक्षेत अर्धं मी सांगितलं, अर्धं मॅडमनीच सांगितलं. म्हणाल्या, जा बाई घरी." मग झोपली ती रात्री नऊला उठली.

सोमवारी सुधारलेली यादी लागली. तिचं नाव त्यात नव्हतं. छत्तीसला छत्तीस, पंच्याहत्तर टक्के, पॉइंटनंतर शून्य.

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. रील्स ती अजून बघते, कधी कधी फार उशिरापर्यंत. बायकोचं आणि तिचं यावरून वाजतं. मला रात्री जाग येते ती येतेच. परवा सकाळी ती चहा घेत होती, डोळे स्वच्छ दिसत होते, तर मी न राहवून विचारलं, "काल किती वाजता झोपलीस?"

"माहीत नाही."

"साधारण?"

"पप्पा, झोप लागली तेव्हा मी घड्याळ बघत होते का?" असं म्हणून तिनं कप माझ्या हातात दिला आणि ती आंघोळीला गेली.